टॉक्सोप्लाझ्मा शिरलेल्या पेशीत इंटरफेरॉनचा सिग्नल कुठे अडतो, ते कसं बघायचं

टॉक्सोप्लाझ्मा म्हणजे पेशीत शिरून वाढणारा एकपेशी पॅरासाइट, आणि इंटरफेरॉन म्हणजे पेशीला त्याच्याशी लढायला सांगणारं प्रोटीन. टॉक्सोप्लाझ्मावर नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी लिहितोय, कारण यात मी स्वतः बरेच दिवस चुकीचा निष्कर्ष धरून बसलो होतो.

आधी सेल्सची मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये लपून राहणारा बॅक्टेरिया) टेस्ट करा. मायकोप्लाझ्मा असेल तर पॅरासाइट न टाकताच पेशी सिग्नल द्यायला लागतात आणि पुढची सगळी मेहनत पाण्यात जाते. मग एचएफएफ, म्हणजे माणसाच्या कातडीतले फायब्रोब्लास्ट, कव्हरस्लिपवर, म्हणजे काचेच्या पातळ तुकड्यावर, वाढवायचे. पॅरासाइट २७ गेजच्या सुईतून काढून फिल्टर करून घ्या, नाहीतर फुटलेल्या पेशींचा कचरा सोबत येतो आणि सिग्नल नक्की कशाने आला ते कळत नाही. सुई फार जपून वापरा, आणि गरोदर असाल तर हे काम दुसऱ्या कुणाला द्या.

पॅरासाइट कमीच टाका, निम्म्या पेशी मोकळ्या राहायला हव्यात, कारण शेजारची मोकळी पेशी हाच सगळ्यात चांगला कंट्रोल.

क्रम चुकवू नका: आधी इन्फेक्शन, रात्रभर ठेवा, मग इंटरफेरॉन गामा, मिलीला १०० युनिट. उलटं केलंत तर पेशी आधीच लढायला तयार होते, १९८४ सालीच फेफरकॉर्न या संशोधकाने दाखवलंय की इंटरफेरॉन मिळालेले फायब्रोब्लास्ट ट्रिप्टोफॅन तोडून टाकतात आणि पॅरासाइटची उपासमार होते.

इंटरफेरॉन दिल्यावर एक कव्हरस्लिप तासाभराने फिक्स करून स्टॅट१ च्या (इंटरफेरॉनचा निरोप न्यूक्लियसपर्यंत नेणारं प्रोटीन) अँटिबॉडीसाठी, दुसरी ६ तासांनी आयआरएफ१ (स्टॅट१ ने जीन चालू केला की बनणारं प्रोटीन) साठी. स्टॅट१ ला थंडगार मिथेनॉल लागतंच.

आता मायक्रोस्कोपखाली नीट बघा. पाकळ्यांसारखे गोल बसलेले पॅरासाइट, बाजूला त्या पेशीचा न्यूक्लियस, आणि त्यात स्टॅट१ छान चमकतोय. मी इथेच फसलो, वाटलं सिग्नल पोचला. पण आयआरएफ१ च्या स्लिपवर तसलाच न्यूक्लियस काळा आणि शेजारच्या मोकळ्या पेशीचा लख्ख! हे टीजीआयएसटीचं काम, २०१६ मध्ये सापडलेलं पॅरासाइटचं प्रोटीन, ते आपल्या पेशीच्या न्यूक्लियसमध्ये जाऊन स्टॅट१ ला धरतं, तिथे एनयूआरडी कॉम्प्लेक्स, म्हणजे जीन्स दाबणारा पेशीचाच प्रोटीन्सचा गट, आणून बसवतं आणि जीन्स बंद पाडतं. म्हणून नुसता स्टॅट१ बघून काही ठरवू नका, आयआरएफ१ बघाच.

एनएफ-कप्पाबी, म्हणजे पेशीतला दुसरा बचावाचा सिग्नल, बघायचा असेल तर स्ट्रेन कुठला ते आधी तपासा. टाइप २ च्या एमई४९ या स्ट्रेनमधलं जीआरए१५ हे प्रोटीन पी६५ ला (एनएफ-कप्पाबीचा एक भाग) न्यूक्लियसमध्ये ढकलतं, टाइप १ च्या आरएच मध्ये ते जमत नाही, तेव्हा आरएच वापरून काही दिसलं नाही तर लगेच अँटिबॉडी फेकू नका, टीएनएफ (एनएफ-कप्पाबी हमखास चालू करणारं प्रोटीन) दिलेली एक वेल, म्हणजे प्लेटमधला एक खळगा, बाजूला ठेवा आणि आधी ती बघा.