पेडल थरथरलं तरी पाय उचलू नका: एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी नीट वापरायचं कसं

गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम (लॉक) होऊ न देणारी सिस्टिम, आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण ते चालू झाल्यावर पायाखाली काय होतं हे फार कमी जणांनी अनुभवलेलं असतं, आणि नेमका तिथेच घोळ होतो. जोरात ब्रेक मारला की पेडल धडधडायला लागतं, खालून करकर असा आवाज येतो, माणसाला वाटतं काहीतरी तुटलं आणि तो पाय उचलतो. म्हणजे गाडी थांबवायच्या क्षणालाच ब्रेक सोडला! म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, ती धडधड म्हणजे सिस्टिम काम करतेय, पाय तसाच दाबून ठेवायचा.

आता आत काय चालतं ते बघू. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते सतत मोजतो. ब्रेक मारल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम हळू झालं, म्हणजे लॉक व्हायला आलं, की कॉम्प्युटर त्या चाकाच्या ब्रेक ऑइलचं प्रेशर व्हॉल्व्हने आधी रोखतो, मग थोडं सोडतो, चाक परत फिरायला लागलं की पुन्हा वाढवतो, आणि हे सगळं सेकंदाला १०-१५ वेळा होऊ शकतं, कुणाच्याही पायाला ते जमणार नाही. पेडलला जाणवतात ते याचेच धक्के. बॉश कंपनीचं असं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये आलं.

पण चाक लॉक झालं तर बिघडतं काय? फिरणारं चाक गाडीला वळवू शकतं, लॉक झालेलं चाक नुसतं घसरतं, मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ जाऊन आदळणार. म्हणजे एबीएसचा खरा फायदा हा की ब्रेक पूर्ण दाबलेला असतानाही तुम्ही गाडी बाजूला काढू शकता. ब्रेक दाबा आणि त्याच वेळी वळवा, दोन्ही एकत्र. पेडल पंप करायचा जुना सल्ला एबीएस नसलेल्या गाडीसाठी होता, एबीएस असताना पंप केलं तर उलट अंतर वाढतं. आणि एक लक्षात ठेवा, सुट्ट्या खडीवर किंवा ताज्या बर्फावर एबीएसवाली गाडी थांबायला जास्त जागा घेऊ शकते, कारण लॉक झालेल्या चाकापुढे खडीचा जो ढीग साचून गाडी अडते तो एबीएसमुळे साचतच नाही. तिथे आधीपासूनच वेग कमी ठेवायचा.

ट्रॅक्शन कंट्रोल म्हणजे याचीच उलटी बाजू. अॅक्सिलरेटर दाबल्यावर एखादं चाक जागीच गरागरा फिरायला लागलं तर सिस्टिम इंजिनची ताकद कमी करते, बऱ्याच गाड्यांत त्या चाकाला ब्रेकही लावते, त्यामुळे डिफरन्शियलमधून, म्हणजे इंजिनची ताकद दोन बाजूंच्या चाकांत वाटणाऱ्या भागातून, ताकद पकड असलेल्या दुसऱ्या चाकाकडे जाते. ओल्या चढावर, चिखलाच्या कडेला याचा खूप उपयोग होतो. पण गाडी खोल चिखलात किंवा वाळूत पूर्ण रुतली असेल तर हीच सिस्टिम आडवी येते, इंजिन उठूच देत नाही, तेव्हा बटण दाबून ती बंद करायची, हलक्या पायाने बाहेर काढायची, आणि बाहेर आल्यावर आठवणीने परत चालू करायची.

ईएसपी, म्हणजे घसरणाऱ्या गाडीला रेषेत ठेवणारी सिस्टिम, मला या सगळ्यात सगळ्यात मोलाची वाटते. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरोखर किती वळतेय हे ती सतत ताडून बघते. मागचा भाग बाहेर घसरायला लागला तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक ब्रेक करते, आणि गाडी वळायचं सोडून सरळ निघाली तर आतल्या बाजूचं मागचं चाक, म्हणजे एकेका चाकाचा ब्रेक लावून गाडी ओढून रेषेत आणते. ड्रायव्हरला हे करताच येत नाही, त्याच्याकडे चार पेडल नसतात. तुम्ही फक्त जिथे जायचंय तिकडे बघा, स्टिअरिंग तिकडे धरा आणि अॅक्सिलरेटर हळू सोडा. युरोपियन युनियनमध्ये २०१४ पासून सगळ्या नव्या कारमध्ये ती बंधनकारक आहे.

यातलं काहीही पकड निर्माण करत नाही, टायरकडे आहे तेवढीच वापरतं. प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो, टायर गुळगुळीत झाला असेल तर कॉम्प्युटर काय करणार? वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं, हेही कुठली सिस्टिम बदलत नाही.

एकदा सराव करून बघाच. मोकळं, ओलं मैदान, आसपास कुणी नाही, गाडीतलं सुटं सामान काढलेलं, ३०-४० चा वेग, आणि पेडल जोरात पूर्ण खाली. ती धडधड एकदा पायाला ओळखीची झाली की खऱ्या वेळी पाय उचलला जात नाही.

शेवटी दिवे. ईएसपीचा दिवा लुकलुकला तर ती आत्ता काम करतेय, वेग कमी करा. तो कायम पेटून राहिला तर सिस्टिम बंद आहे किंवा बिघडलीय. एबीएसचा पिवळा दिवा एकटा पेटला तर साधा ब्रेक सहसा चालतो पण चाक लॉक होऊ शकतं, हळू चालवत वर्कशॉप गाठा. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला तर पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणीही गेलेली असू शकते किंवा ऑइल कमी असू शकतं, तेव्हा सावकाश बाजूला घ्या, थांबा, आणि गाडी टो करून न्या.