अटीतटीच्या महापौर निवडणुकीची मतमोजणी कशी वाचावी: सिॲटलचे उदाहरण

4 नोव्हेंबर 2025 च्या रात्री अमेरिकेतील सिॲटलच्या महापौरपदासाठीचे पहिले आकडे जाहीर झाले, तेव्हा तत्कालीन महापौर ब्रूस हॅरल हे प्रतिस्पर्धी केटी विल्सन यांच्यापेक्षा सुमारे सात टक्क्यांनी पुढे होते. तीन आठवड्यांनी निकाल प्रमाणित झाला, तेव्हा विल्सन 2,011 मतांनी विजयी ठरल्या होत्या. या काळात कोणतीही गडबड झाली नव्हती. मते त्यांच्या नेहमीच्या क्रमाने मोजली जात होती एवढेच. तरीही पहिल्या रात्रीच्या आघाडीवरून निष्कर्ष काढून टाकणारे आणि पारडे फिरल्यावर संशय घेणारे लोक प्रत्येक अशा निवडणुकीत दिसतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या शहराची मतमोजणी डोळसपणे पाहता यावी आणि त्यात स्वतःचे मतही वाया जाऊ नये, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रथम मतपत्रिका समजून घ्यावी. सिॲटलसारख्या पक्षविरहित निवडणुकीत उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचे नाव नसते आणि चिन्ह तर नसतेच. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, पण कोणते पॅनेल कोणाचे हे गावाला ठाऊक असते. अमेरिकन शहरातही उमेदवारांचा राजकीय कल लपून राहत नाही. फरक एवढाच की सिॲटलसारख्या शहरात अंतिम फेरीतले दोन्ही उमेदवार बहुतेक वेळा एकाच बाजूचे असतात. ऑगस्टमधल्या प्राथमिक फेरीत सर्व उमेदवार एकत्र उभे राहतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरमध्ये समोरासमोर येतात. म्हणून पक्ष पाहून मत देण्याची सवय येथे उपयोगी पडत नाही. घरे, भाडे, पोलीस, बससेवा आणि कर याविषयी दोघांची भूमिका कोठे वेगळी आहे, हे शासनाने घरी पाठवलेल्या मतदार पुस्तिकेतून आणि त्यांच्या जाहीर चर्चांमधून शोधावे लागते.

सिॲटलमध्ये मतदानाचा हक्क फक्त नागरिकांना आहे. ग्रीन कार्डधारकाने चुकूनही मतदार नोंदणी करू नये, कारण त्याचे परिणाम थेट पुढील नागरिकत्वाच्या अर्जावर होऊ शकतात. मात्र सिॲटलमध्ये राहणाऱ्या ग्रीन कार्डधारकाला प्रचारात वाटा उचलण्याचा एक अधिकृत मार्ग आहे, जो आपल्या लोकांपैकी अनेकांना माहीत नसतो: शहराच्या ‘डेमॉक्रसी व्हाउचर’ योजनेत प्रत्येकी 25 डॉलरची चार कुपने मिळतात आणि ती योजनेत सहभागी असलेल्या आपल्या पसंतीच्या उमेदवाराला देता येतात. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर असलेल्यांना ही सोय नाही आणि त्यांना स्वतःच्या खिशातून निवडणूक देणगी देण्यासही कायद्याने मनाई आहे.

वॉशिंग्टन राज्यात मतदान टपालाने होते, त्यामुळे मत बाद होण्याची खरी जागा म्हणजे लिफाफा. लिफाफ्यावरची सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहिली जाते. वाहनपरवाना काढताना केलेली देवनागरी सही आणि घाईत केलेली इंग्रजी सही जुळली नाही, तर मत बाजूला ठेवले जाते. अशा वेळी कौंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, निवडणूक कार्यालय मतदाराशी संपर्क साधते आणि निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत सही दुरुस्त करण्याची संधी असते. म्हणून मतपत्रिका पाठवल्यानंतर तिची स्थिती संकेतस्थळावर तपासावी आणि कार्यालयाचे पत्र आल्यास ते बाजूला टाकू नये. शेवटच्या दिवसांत टपालावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण निवडणुकीच्या दिवसाचा शिक्का वेळेत पडला नाही तर मत गेलेच. त्यापेक्षा रात्री आठच्या आत अधिकृत मतपेटीत लिफाफा टाकावा.

मतपत्रिकेवरची लहानशी त्रुटीही किती महागात पडते, हे सॅन डिएगोने 2004 साली पाहिले. तेथे महापौरपदाच्या उमेदवार डॉना फ्राय यांचे नाव छापील मतपत्रिकेवर नव्हते. मतदारांनी ते हाताने लिहायचे आणि शेजारचे वर्तुळ काळे करायचे, असा नियम होता. पाच हजारांहून अधिक मतदारांनी नाव लिहिले, पण वर्तुळ भरले नाही. ती मते धरली गेली नाहीत आणि डिक मर्फी 2,108 मतांनी विजयी घोषित झाले. मतदाराचा हेतू कागदावर स्पष्ट दिसत असूनही नियमापुढे तो टिकला नाही.

आता मोजणीकडे वळू. पहिल्या रात्री आठनंतर जे आकडे येतात, ते लवकर आलेल्या मतांचे असतात. लवकर मत देणारे सरासरीने वयाने मोठे असतात. तरुण आणि भाड्याने राहणारे मतदार शेवटच्या दोन-तीन दिवसांत पेट्या भरतात. सिॲटलमध्ये उशिरा मोजली जाणारी मते डावीकडे झुकतात, हा अनेक निवडणुकांचा अनुभव आहे. म्हणून कोण किती पुढे आहे, एवढे पाहून थांबू नये. किती मते मोजायची उरली आहेत आणि ती कोणाची आहेत, हे विचारावे.

यासाठी साधे गणित पुरते. आघाडीला उरलेल्या मतांनी भागावे, आलेली टक्केवारी निम्मी करावी आणि ती 50 मध्ये मिळवावी. समजा आघाडी 8,000 मतांची आहे आणि 80,000 मते उरली आहेत. भागाकार 10 टक्के, निम्मे 5, म्हणजे मागे असलेल्या उमेदवाराला उरलेल्या मतांपैकी 55 टक्के हवीत. दुसऱ्या दिवशी दुपारी नव्या मतांचा जो गठ्ठा जाहीर होतो, त्यात त्याला 55 पेक्षा जास्त मिळाली की कमी, हे पाहिले की चित्र स्पष्ट होऊ लागते. येथे एक खबरदारी घ्यावी: सिॲटल ज्या कौंटीत येते ती किंग कौंटी उरलेल्या मतांचा आकडा संपूर्ण कौंटीचा देते. बेल्व्ह्यू, रेडमंड, केंट येथील मतेही त्यात असतात, त्यामुळे सिॲटलचा वाटा वेगळा काढल्याशिवाय गणित चुकते. शिवाय काही मतदार महापौरपदाची जागा कोरी सोडतात.

मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी असा क्रम देतात, त्या पसंतीक्रमाच्या पद्धतीच्या शहरात हे गणित अपुरे पडते. ओकलंडमध्ये 2010 साली डॉन पेराटा पहिल्या पसंतीच्या मतांत सुमारे नऊ टक्क्यांनी पुढे होते, तरी बाद झालेल्या उमेदवारांची मते पुढच्या पसंतीनुसार वाटली गेल्यावर जीन क्वान विजयी झाल्या. 2022 मध्ये तेथेच शेंग थाओ यांनी लॉरेन टेलर यांना 677 मतांनी मागे टाकले, तेही पहिल्या पसंतीत पिछाडीवर असताना. अशा ठिकाणी तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराचे समर्थक कोणाकडे वळतात, तेच निर्णायक ठरते. सिॲटलच्या प्राथमिक फेऱ्यांतही 2027 पासून ही पद्धत येणार आहे.

पराभूत उमेदवाराने हार मान्य करणे हा शिष्टाचार आहे, त्याला कायदेशीर वजन नाही. हॅरल यांनी 13 नोव्हेंबरला पराभव स्वीकारला, पण निकाल प्रमाणित झाला तो 25 नोव्हेंबरला. फेरमोजणीचा नियमही आधी वाचून ठेवावा. वॉशिंग्टनमध्ये फरक 2,000 मतांपेक्षा कमी आणि त्याच वेळी अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी असेल, तरच यंत्राद्वारे फेरमोजणी आपोआप होते. 2025 चा फरक 2,011 मतांचा, म्हणजे सुमारे पाऊण टक्क्याचा होता, त्यामुळे ती झाली नाही. इतर राज्यांत नियम वेगळे आहेत. अटलांटात 2009 साली कासिम रीड यांचा विजय सातशेच्या आसपास मतांचा होता, मेरी नॉरवुड यांच्या मागणीवरून फेरमोजणी झाली आणि निकाल कायम राहिला. फेरमोजणीत सहसा मोजकी मतेच इकडची तिकडे होतात, म्हणून शेकडो मतांचा फरक तिने पालटेल अशी अपेक्षा धरू नये.