सॉफ्ट हॅकल फ्लाय बांधताना या चुका टाळा

वैनगंगेत ट्राउट नाही. या माशाला साधारण 20 अंशांच्या आतलं थंड, वाहतं पाणी लागतं, म्हणून त्याच्यासाठी हिमाचलातल्या तीर्थन, सैंजसारख्या नद्यांच्या काठी जावं लागतं. पण त्याला भुलवणारी फ्लाय, म्हणजे गळावर पीस-धागा बांधून केलेला नकली किडा, भंडारा-गोंदियाकडच्या कुठल्याही गावात बसून बांधता येते. गळ सोडला तर लागणारं बहुतेक सामान अंगणात नाहीतर विणकराच्या घरी मिळतं. नवशिक्यांची फ्लाय बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं: पीस, धागा, गाठी, सगळंच जास्त होतं.

आधी ओळखा

हॅकल म्हणजे गळाभोवती गुंडाळलेलं पीस. सॉफ्ट हॅकलला पंख नसतात, बहुधा शेपूटही नसते. धाग्याचं बारीक अंग आणि गळाच्या नेढ्यामागे मऊ पिसाचे एक-दोन वेढे, बस्स. तळातून वर येणाऱ्या पाणकिड्याची ती नक्कल असते. ऑनलाइन याच नावानं कोंबड्याच्या मानेचं ताठ, चकचकीत पीस लावलेल्या फ्लायही विकतात. तसलं पीस तरंगणाऱ्या फ्लायला शोभतं. पारख सोपी आहे. फ्लाय दोऱ्याला बांधून बादलीतल्या पाण्यातून ओढा. पिसाचे तंतू मागे निजले आणि थांबताच पुन्हा उमलले, तर माल खरा.

चुकीचं पीस

जुन्या इंग्लिश पद्धतीत तितराचं पीस वापरतात, म्हणून कुणी रानातून तितर आणून देतो म्हणालं तर साफ नाही म्हणा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती शिकार गुन्हा आहे, आणि तिची गरजही नाही. तपकिरी, ठिपकेदार गावरान कोंबडीचं पीस हे काम उत्तम करतं. कोंबडा नको, कोंबडीच हवी. तिचं पीस मऊ असतं.

मोठी चूक मापाची. पाठीवरचं लांब पीस 14 नंबरच्या गळाला लावलं की तंतू गळाच्या कितीतरी पुढे लोंबतात आणि मासा नुसता तंतूच चावून जातो. पंखाच्या वरच्या कडेची, मुळाशी असलेली बारकी पिसं घ्या. तंतू गळाच्या बाकापर्यंत पोचले की पुरे. पिसं साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा आणि डांबरगोळीसोबत बंद डब्यात ठेवा, नाहीतर पावसाळ्यात कीड लागलीच म्हणून समजा.

जाड अंग

आंधळगाव-मोहाडीकडचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, मला या कामासाठी फार आवडतो. त्याचा मधासारखा रंग ओला झाल्यावर आणखी गडद, जिवंत दिसतो. पण हातानं काढलेलं हे सूत एकसारखं नसतं. आहे तसं गुंडाळलं तर अंग सुरवंटासारखं फुगतं. पीळ सोडा, एकच पदर वेगळा काढा, त्यावर मेण फिरवा आणि वेढ्याला वेढा लावून जाताना एक आणि येताना एक, एवढेच थर द्या. गळाच्या टोकाच्या वर आलात की परत फिरा. एप्रिल-मेच्या उन्हात मेण चिकट होतं, तेव्हा हे काम सकाळीच उरका.

पीस गुंडाळताना

इथे हात आवरा. पिसाच्या बुडाची कापसासारखी लव आधी काढून टाका. टोक चिमटीत धरून बाकीचे तंतू उलटे सारा, टोकाकडून पीस बांधा, मग दीड ते दोन वेढे द्या. तिसरा वेढा घेतला की फ्लाय झाडू होते. वेढ्यांच्या मधून धागा फिरवताना तंतू दबले तर सुईनं हळूच मोकळे करा. पाण्यात तंतू अंगाला चिकटून मिटून जात असतील, तर पिसाच्या मागे सशाच्या केसांचा किंवा गळून पडलेल्या मोरपिसाच्या एका तंतूचा छोटा उंचवटा द्या. तो त्यांना टेकू देतो.

नेढं बुजणं ही नेहमीची तक्रार. सुरुवातच नेढ्यापासून थोडी जागा सोडून करा, नाहीतर डोकं बांधायला जागाच उरत नाही. तरीही डोक्याच्या गाठीवर लावलेल्या लाखेनं नेढं बुजलं तर लाख ओली असतानाच त्यातून एखादं पीस ओढून घ्या.

पाण्यावर

फ्लाय नीट आहे, झटके बसतात, पण मासा लागत नाही? मग चूक हाताची. फ्लाय प्रवाहाला आडवी टाकून खाली झोक्यानं येऊ द्यायची असते, दोरी ताणलेलीच असते. झटका जाणवला की आपण दांडी उडवतो आणि फ्लाय माशाच्या तोंडातून सुटते. काही करू नका. दांडी स्थिर ठेवा, वजन जाणवेपर्यंत थांबा, मग सावकाश उचला.