गांजाच्या रोपांतला व्हायरॉइड : या चुका टाळा, विशेषतः कात्रीच्या

आधीच सांगून टाकतो. भारतात परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा गच्चीवरच्या कुंडीसाठी हा लेख नाही. कॅनडा, कॅलिफोर्नियातल्या परवानाधारक हरितगृहांत कात्री घेऊन क्लोन (मातृरोपाची काडी कापून वाढवलेलं तसंच रोप) काढणाऱ्यांसाठी आहे. इथे संत्र्याचे डोळे भरणाऱ्यांनी वाचला तरी वाया जाणार नाही. लिंबूवर्गातला एक्सोकॉर्टिस हा व्हायरॉइडही असाच चाकूवर बसून झाडोझाड फिरतो.

रोगाचं नाव हॉप लेटंट व्हायरॉइड. व्हायरॉइड म्हणजे विषाणूहूनही साधा रोगकारक. बिअरमध्ये घालतात त्या हॉपच्या वेलीत तो १९८० च्या दशकात सापडला. हॉप आणि गांजा एकाच कुळातले, त्यामुळे पाहुणा घरचाच. २५६ अक्षरांची आरएनएची एक गोल कडी, एवढाच त्याचा संसार. विषाणूला निदान प्रथिनांचा अंगरखा तरी असतो, याला तोही नाही. म्हणूनच प्रथिन ओळखणाऱ्या, अँटिबॉडीवर चालणाऱ्या झटपट पट्ट्या इथे कुचकामी आहेत. त्यात ओळखायला प्रथिनच नाही.

“खत कमी पडलं असेल”

कॅलिफोर्नियातल्या उत्पादकांनी या एका वाक्यापायी कित्येक हंगाम घालवले. एखादा वाण दोन-तीन वर्षं उत्तम चाले आणि मग हळूहळू त्याची रया जाई. रोप खुजं, फुलोरा भुसभुशीत, वास मंद. याला तिकडे ‘डडिंग’ म्हणू लागले. कुणी कॅल-मॅग (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं खत) वाढवलं, कुणी दिवे बदलले, कुणी “वाण म्हातारा झाला” म्हणून हात झटकले. आणि त्याच मातृरोपांवरून काड्या काढणं चालूच राहिलं. शेवटी २०१९ मध्ये तिथल्याच आजारी रोपांत हा व्हायरॉइड सापडल्याचं दोन वेगवेगळ्या शोधनिबंधांत छापून आलं. तोवर क्लोनच्या ट्रेंमधून तो गावोगाव पोचला होता.

खताचा दोष आणि हा रोग यांत फरक कळतो, पण रोपाला हात लावायचे कष्ट घ्यावे लागतात. पेरांतलं अंतर कमी होतं. बाजूच्या फांद्या वर चढायच्या सोडून आडव्या पसरतात. फांदी वाकवून पाहा. निरोगी फांदी लवते, ही पेरापाशी काड्‌कन तुटते. पानं लहान होतात, पण सहसा मुरडत नाहीत. शेंड्याची कोवळी पानं चकाकत, मुरडत असतील तर आधी ब्रॉड माइट शोधा. हा बारीक कोळी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, ६० पट भिंग लागतं. खत कमी पडलं तर त्या टेबलावरची सगळी रोपं सारखी फिकुटतात. व्हायरॉइड मात्र एकाच वाणाच्या, एकाच खेपेच्या रोपांत पाच खुजी आणि सात धडधाकट असा डाव मांडतो. फुलोऱ्यावर राळेच्या ग्रंथी विरळ दिसतात आणि काही वाणांत टीएचसी (गांजातला नशेचा घटक) निम्म्यापर्यंत घसरतं.

नावातच ‘लेटंट’ आहे, म्हणजे दडून बसलेला. शाकीय वाढीत मातृरोप महिनोन्‌महिने ठणठणीत दिसू शकतं. “रोप तर मस्त दिसतंय” हा पुरावा नव्हे.

अल्कोहोलचा फवारा

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक हीच. दर क्लोनच्या खोलीत आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली असते, प्रत्येक रोपानंतर पात्यावर एक फुसकारा मारला जातो आणि मनाचं समाधान होतं. जिवाणू, बुरशीसाठी ठीक आहे. पण अल्कोहोल आरएनए मोडत नाही. प्रयोगशाळेत आरएनए साफ करताना शेवटी ७० टक्के इथेनॉलनेच धुतात आणि तो शाबूत राहतो. म्हणजे तुम्ही पात्यावरच्या व्हायरॉइडला आंघोळ घालून पुढच्या रोपाकडे पाठवताय. लायटरची ज्योत झरकन फिरवणंही भरवशाचं नाही, हा उष्णतेला चिवट आहे.

किंमत काय पडते ते मोजा. वीस मातृरोपं, प्रत्येकीच्या दहा काड्या, एकच कात्री. तिसरं रोप बाधित आहे आणि कुणाला माहीत नाही. त्याच्या स्वतःच्या दहा काड्या तर गेल्याच. चौथ्यापासून विसाव्यापर्यंतच्या १७ मातृरोपांना त्याच पात्याचा रस लागला, त्यांच्या १७० काड्याही संशयित. एका सकाळच्या कामात १८० क्लोन आणि १८ मातृरोपं.

उपाय साधा आहे, फक्त घाई सोडावी लागते. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलं असेल तर २०० मिली ब्लीच आणि ८०० मिली पाणी, झालं १ टक्क्याचं एक लिटर द्रावण. रोज सकाळी ताजं करायचं, गढूळ किंवा हिरवट झालं की तेव्हाच बदलायचं, कारण झाडाचा रस आणि माती क्लोरीन खाऊन टाकतात. चार कात्र्या घ्या, मुठींना चार रंगांच्या चिकटपट्ट्या. एका मातृरोपाला एक कात्री, ती द्रावणात, पुढच्या रोपाला पुढची. पातं पूर्ण एक मिनिट बुडलेलं हवं आणि ते घड्याळावर मोजायचं. “झालं असेल” म्हणणाऱ्याचं मिनिट पंधरा सेकंदांचं असतं. मग साध्या पाण्यात खळबळून पुसायचं, नाहीतर आठवड्यात गंज चढतो. गंजाचा वैताग नको असेल तर प्रत्येक मातृरोपाला नवं स्काल्पेलचं पातं. स्वस्त पडतं. हातमोजेही रोपागणिक बदलायचे. तेच मोजे घालून दिवसभर फिरायचं असेल तर कात्री धुऊन उपयोग काय?

अल्कोहोलला एक काम आहे, पात्यावरची चिकट राळ काढणं. राळेखाली ब्लीच पोचतच नाही. तेव्हा आधी अल्कोहोलने राळ पुसा, पाण्याने धुवा, कोरडं करा, मगच ब्लीच. दोन्ही एकाच भांड्यात कधीही नाही, विषारी वायू होतात. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनियाही पडू देऊ नका.

शेंड्याचं एक पान पाठवून निर्धास्त होणं

व्हायरॉइड रोपात सारखा पसरत नाही. मुळांत तो लवकर आणि जास्त सापडतो, शेंड्याच्या पानात तेव्हा शून्यही असू शकतो. वरचं एक पान खुडून आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल फ्रेम करून भिंतीला लावणारे लोक आहेत. त्यांनी मुळी पाठवावी. कुंडीतल्या गड्ड्याच्या कडेने, दोन-तीन सेंटिमीटर खोलवरून, तीन-चार जागांच्या पांढऱ्या बारीक मुळ्या घ्यायच्या. माती धुवायची, प्रत्येक रोपाला वेगळा हातमोजा, वेगळं पातं. नमुना घेतानाच रोग लावून ठेवू नका. चाचणी आरटी-क्यूपीसीआर किंवा आरटी-लॅम्प सांगायची, या दोन्ही थेट आरएनए शोधतात. पैसे वाचवायला पन्नास रोपांच्या मुळ्या एका पिशवीत कोंबल्या तर एकटं बाधित रोप त्यात विरघळून जातं. फार तर पाचांचा गट करा, गट बाधित आला की पाचही वेगवेगळी तपासा.

एकदा निगेटिव्ह म्हणजे मोकळं नव्हे. बाहेरून आलेला क्लोन वेगळ्या खोलीत ठेवायचा, मूळ धरल्यावर पहिली चाचणी, तीन-चार आठवड्यांनी दुसरी. विकणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर तारीख आणि ‘मूळ की पान’ लिहिलेलं नसेल तर तो नुसता कागद आहे.

बाकीच्या, थोडक्यात

कीटकनाशक मारणं: पसरवणारा कीटक सिद्ध झालेला नाही, पैसे वाया.

औषध शोधणं: नाही. ‘इम्युनिटी बूस्टर’ विकणाऱ्याला चहा पाजा आणि रवाना करा.

उष्णता देऊन रोप ‘शुद्ध’ करणं: विषाणूंवर चालतं, व्हायरॉइडवर नाही. एखादा वाण वाचवायचाच असेल तर ऊतीसंवर्धन, तेही अर्ध्या मिलिमीटरहून लहान शेंडा घेऊन, आणि तयार झालेलं प्रत्येक रोप पुन्हा तपासून. काही महिने जातात. ज्यांना पुढच्या आठवड्यात हवंय त्यांनी नादी लागू नये.

बियाणं लावलं की सुटलो: बियाण्यातूनही जातो.

एकाच टाकीचं पाणी सगळ्या टेबलांना फिरवणं: बाधित मुळांतून तो पाण्यात उतरतो. मातृरोपांचं पाणी तरी फिरवू नका, वाहून जाऊ द्या.

बाधित रोप कंपोस्टात टाकणं: वाळलेल्या पानांतही तो टिकतो. रोप जागेवरच मोठ्या पिशवीत घाला, तोंड बांधा, मग कुंडीसकट उचला. ओढत नेऊन वाटेवरच्या दहा रोपांना घासू नका. पिशवी परवान्याच्या नियमाप्रमाणे नष्ट करायची. टेबल आधी साबणाने, मग ब्लीचने पुसायचं. शेजारच्या रोपांना तोवर कात्री लावायची नाही. तीन-चार आठवड्यांनी त्यांची चाचणी करायची, मुळी घेऊनच.