वजन उतरवलंय, आता ते परत चढू नये म्हणून काय करायचं

वजन कमी करणं बऱ्याच जणांना जमतं हो. लग्नाआधी, रिपोर्टमध्ये शुगर वाढलेली दिसली म्हणून, ८-१० किलो उतरवलेली माणसं आमच्या नाशिकमध्ये सिडकोत काय आणि कॉलेज रोडला काय, कुठेही भेटतील. अवघड असतं ते दोन वर्षांनीही तिथेच टिकणं. आणि परत वाढलं की घरचे लगेच म्हणतात तोंडावर ताबाच नाही. हे मला अजिबात पटत नाही.

कारण शरीर खरंच विरोध करतं. चरबी कमी झाली की पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन नावाचं हार्मोन कमी होतं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, आणि वर शरीर कॅलरी जपून वापरायला लागतं. अमेरिकेत वजन कमी करण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना ६ वर्षांनी तपासलं, तो अभ्यास २०१६ मध्ये आला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सरासरी ५०० कॅलरी कमीच जाळत होतं. म्हणून टिकवणं हे वेगळं काम आहे असं धरून पहिल्या दिवसापासून तयारी करा.

पायरी १: टार्गेट छोटं ठेवा. आत्ताच्या वजनाच्या ५ ते १० टक्के. ८० किलो असाल तर ४ ते ८ किलो, एवढ्यानेही शुगर-बीपीत फरक पडतो. कंबरही मोजा, आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमीच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करायच्या आधी डॉक्टरांना विचाराच, शुगर एकदम खाली जाऊ शकते.

पायरी २: तेलाचा कॅन बघा. ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. चार माणसांच्या घरात ५ लिटरचा कॅन महिन्यात संपत असेल तर माणशी रोज साधारण ३८ ग्रॅम तेल जातंय, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी, त्या ताटात कुठे दिसतही नाहीत. कॅनवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा आणि तोच कॅन दीड महिना पुरवा, माणशी २५ ग्रॅमवर येतं. फोडणीला बाटली वाकडी करायची नाही, चमच्यानेच घ्यायचं. यात कोणाला वेगळा स्वयंपाक लागत नाही म्हणून हे टिकतं, नाहीतर एकाचं डाएट आणि बाकीच्यांचं वेगळं असं किती दिवस चालणार.

पायरी ३: प्रोटीन वाढवा. ७० किलोच्या माणसाला रोज ७०-८० ग्रॅम धरा (किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून). वाटीभर वरणात ५-७ ग्रॅमच मिळतं, त्यामुळे मटकी, अंडी, दही, पनीर, सोयाबीन हे रोज काहीतरी हवंच. उपवासाला साबुदाणा म्हणजे जवळपास सगळा स्टार्च, त्यापेक्षा थोडी भगर आणि भरपूर दही बरं.

पायरी ४: मिसळ सोडू नका. नाशिकमध्ये राहून मिसळ बंद म्हणणारा माणूस महिनाभर टिकतो आणि मग एका रविवारी तीन पाव, एक्स्ट्रा तर्री, वर जिलेबी. त्यापेक्षा मटकी जास्त मागा, फरसाण अर्धं, तर्री वेगळ्या वाटीत घेऊन चमच्याने, पाव एक. आणि त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं.

पायरी ५: चालणं आणि ताकद, दोन्ही. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर किंवा गोदापार्कला रोज ४५ मिनिटं ते तासभर. वजन टिकवलेल्यांमध्ये हा तासाभराचा व्यायाम खूप दिसतो. पण नुसतं चालून स्नायू राहत नाहीत, आठवड्यातून दोनदा उठाबशा, भिंतीला टेकून पुशअप किंवा जिम. गुडघे बरे असतील तर पांडवलेणीच्या पायऱ्या आहेतच.

पायरी ६: टार्गेट गाठल्यावरचे सहा महिने. इथेच बहुतेक जण सोडून देतात. डाएट संपलं असं समजू नका, रोजच्या खाण्यात एखादी भाकरी वाढवा आणि दोन आठवडे बघा, वजन स्थिर असेल तर तेच आपलं खाणं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उपाशीपोटी काट्यावर उभं राहा. २ किलो वाढले की लगेच पायरी २ पासून परत सुरू, ८ किलो व्हायची वाट बघू नका, आणि शिक्षा म्हणून कडक उपास तर मुळीच नको.

वजन कमी करायच्या इंजेक्शनबद्दल हल्ली सगळेच विचारतात. त्यातल्या सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधाने वजन उतरतं हे खरं, पण एका मोठ्या अभ्यासात औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी साधारण दोन तृतीयांश वजन परत आलं. तेव्हा ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि सुरू करायच्या आधीच त्यांना विचारा की किती दिवस घ्यायचं, बंद कसं करायचं आणि महिन्याचा खर्च किती येईल.