ओमानवरच्या पुस्तकात नाव सापडत नसेल तर

ओमानच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक उघडलं की शेवटच्या सूचीत हवं ते नाव हमखास सापडत नाही. 'अल-बुसैदी' हे घराणं मी 'ए'च्या रकान्यांवर बोट फिरवत कितीतरी वेळ शोधत होते. ते होतं 'बी'खाली!

१. सुरुवातीचं 'अल' (अरबीतलं 'द'सारखं उपपद) सोडा, पुढच्या अक्षराखाली बघा. निम्मी नावं इथेच मिळतात.

२. नाही मिळालं तर स्वर बदला. सोहार हे ओमानमधलं शहर कुठे 'एस-ओ'ने लिहितात, कुठे 'एस-यू'ने.

३. १९७० पूर्वीच्या पुस्तकात 'मस्कत' हा शब्दही शोधा, कारण तेव्हा देशाचं नावच 'मस्कत आणि ओमान' होतं. आणि पूर्व आफ्रिकेजवळचं झांझिबार बेट विसरू नका. एकोणिसाव्या शतकात सुलतान सईद बिन सुलतान यांनी राजधानी तिकडे हलवली, त्यामुळे त्या काळाची कितीतरी माहिती झांझिबारच्या नोंदीखाली असते.

एक जपा: 'आल सईद' या राजघराण्याच्या नावातला 'आल' म्हणजे घराणं, तो गाळायचा नाही. इंग्रजीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून मध्ये जोडरेघ नसेल तर 'ए'खालीही एकदा नजर टाका.