गाठीवाल्या निमॅटोडला खाणारे निमॅटोड मातीत टिकवायचे कसे

डाळिंबाच्या मुळाला निमॅटोडच्या (मातीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या दोऱ्यासारख्या कृमींच्या) गाठी दिसल्या की आपण सरळ औषधाच्या दुकानात पळतो, पण त्याच मातीत ह्या गाठीवाल्या निमॅटोडला खाणारे निमॅटोडही असतात. मोनोंकस गटातले, तोंडात चांगला मोठा दात, समोर आला त्याला फाडायचं नाहीतर आख्खा गिळायचा. एकाने १२ आठवड्यांच्या आयुष्यात १३३२ निमॅटोड मारल्याची नोंद १९२२ सालची आहे! पण हे बाटलीत मिळत नाहीत, कारण एकमेकांनाही खातात, वाढवायचे कसे. दुकानात मिळतात ते हुमणीवरचे, ते वेगळे. म्हणून रानात आहेत तेच सांभाळायचे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओल. हे मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरपटतात, त्यामुळे माती वाफशावर पाहिजे, कोरडी पडली की मरतात आणि पाणी साचलं की हवेविना गुदमरतात. भारी काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात तिथे खोडाभोवती पाचटाचं आच्छादन करा, ठिबक थोडं थोडं पण नियमित सोडा.

दुसरं, रोटाव्हेटर. ह्यांना स्वतः बीळ करता येत नाही, मातीतल्या पोकळ्यांतूनच फिरायचं, आणि अंगाने मोठे म्हणून पोकळ्याही मोठ्या लागतात. रोटाव्हेटरने पोकळ्या मोडल्या, ट्रॅक्टरने माती दाबली की रस्ते बंद. त्यात पिढी हळू वाढते, एकदा संपले की परत यायला वेळ लागतो, गाठीवाले मात्र मुळं मिळाली की लगेच वाढतात. बागेत ओळींमधली मशागत जमेल तेवढी कमी करा.

युरिया एकदम ओतू नका, त्यातून होणारा अमोनिया त्यांना सोसत नाही, हप्त्याने द्या. कुजलेलं शेणखत घाला, त्यावर बॅक्टेरिया वाढतात, ते खाणारे निरुपद्रवी निमॅटोड वाढतात आणि आपल्या शिकाऱ्याला खाद्य मिळतं.

आहेत का बघायचं तर मुळाजवळची १५-२० सेंटिमीटर खोलीची ओली माती घ्या, उन्हात वाळवू नका. चाळणीत टिश्यू पेपरवर पसरून खालून माती भिजेल एवढं पाणी ताटलीत ठेवा, २४ तासांनी खालचं पाणी मायक्रोस्कोपखाली. पिंपासारखं तोंड आणि आत दात दिसला की तोच.

एक लक्षात ठेवा, मुळाच्या आत बसलेल्या गाठीवाल्यांच्या माद्यांपर्यंत हे शिकारी पोचत नाहीत, मातीत फिरणारी पिल्लंच सापडतात. त्यामुळे गाठी फार असतील तर उपचार करावाच लागेल, पण निमॅटोडचं औषध आळवणीने सोडलं तर हेही मरू शकतात, म्हणून आधी माती तपासून घ्या.